रांग एक, शरीरे अनेक: पांढुर्णा-सौसरच्या मैदानांवरील योगाचा प्रश्न

मध्य प्रदेशातील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर दरवर्षी १२ जानेवारीला, म्हणजे स्वामी विवेकानंदांच्या जयंतीदिनी, सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. २००७ साली सुरू झालेला हा उपक्रम आता त्या राज्याच्या शालेय वर्षाचा ठरलेला भाग झाला आहे. आकाशवाणीवरून सूचना येतात आणि राज्यभरातील विद्यार्थी एकाच वेळी वाकतात, एकाच वेळी उठतात. २०१५ पासून त्याला २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योग दिनाची जोड मिळाली. महाराष्ट्राच्या सीमेला खेटून असलेल्या पांढुर्णा आणि सौसर या मराठीभाषक तालुक्यांतही वर्षातून दोनदा हेच दृश्य दिसते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत संख्या असते: किती शाळा, किती विद्यार्थी, कोण मान्यवर. कुणाची पाठ लचकली, कुणाला भोवळ आली, कुणाला मुळात या रांगेत उभे करायलाच नको होते, हे त्या बातम्यांत नसते. कारण सहसा ते कुणी विचारलेलेच नसते.

योग हितकारक आहे की नाही, हा येथे वादाचा मुद्दा नाही. प्रश्न वेगळा आहे. एकेका साधकासाठी, शिक्षकाच्या नजरेखाली घडत गेलेली विद्या शेकडोंच्या रांगेत उतरवली जाते, तेव्हा तिच्यातील कोणता भाग गळून पडतो? उत्तर स्पष्ट आहे: सावधगिरीचा. आणि विसाव्या शतकात याच भागावर मराठी मुलखात सर्वाधिक कष्ट घेतले गेले होते.

दिसणारी जखम आणि न दिसणारी

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याचे विभाजन होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. या भागाचे नाव बाहेरच्या वाचकाला ठाऊक असते ते प्रामुख्याने गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा मारा करतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर मृत्यूही झाले आहेत. त्या दिवशी प्रशासन डॉक्टरांची पथके नेमते, रुग्णवाहिका उभ्या ठेवते, जखमींची मोजदाद होते आणि राज्यभर बातमी जाते.

गोटमार आणि योग यांची बरोबरी कुणी करणार नाही. तरी एक गोष्ट त्यातून लक्षात येते. जी जखम डोळ्यांना दिसते, तिच्यासाठी यंत्रणा सज्ज असते. जी जखम मैदानावरून घरी जाताना कमरेत भरलेल्या चमकेच्या रूपाने येते, ती कुणाच्या हिशेबात येत नाही. दगडाने फुटलेल्या डोक्याला टाके पडतात. चुकीच्या वाकण्याने सरकलेली मणक्याची चकती मात्र शेतमजुराचा हंगाम गिळून टाकते, आणि तिचे कारण म्हणून योगाचे नाव कुणी घेत नाही.

धोका किती?

अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या उपचार विभागांतील नोंदींचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००१ ते २०१४ या काळात योगामुळे झालेल्या दुखापतींची अंदाजित संख्या २९,५९० होती. योग करणाऱ्या दर लाख लोकांमागे २००१ मध्ये ९.५ असलेले प्रमाण २०१४ मध्ये १७ वर गेले. पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये हेच प्रमाण दर लाखामागे ५७.९ होते. निम्म्याच्या आसपास दुखापती धडाच्या भागाला झालेल्या होत्या आणि बहुतेकदा प्रकार स्नायू ताणण्याचा किंवा मुरगळण्याचा होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात न्यूयॉर्क परिसरातील योगवर्गांना जाणाऱ्यांपैकी १०.७ टक्के लोकांना वर्षभरात योगामुळे स्नायू वा सांध्यांचे दुखणे सुरू झाल्याचे आढळले. त्याच पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपले जुने दुखणे योगाने कमी झाल्याचेही सांगितले.

हे आकडे परदेशी वर्गांतले आहेत. ते जसेच्या तसे सौसरच्या मैदानाला लावता येणार नाहीत. पण त्यांतून दोन गोष्टी निश्चित कळतात. पहिली, योग हा अन्य व्यायामांप्रमाणेच एक शारीरिक श्रम आहे आणि त्यात दुखापत होऊ शकते. दुसरी, ती सर्वांना सारखी होत नाही. वय, हाडांची ताकद, आधीचा आजार आणि शिकवण्याची पद्धत यांवर ती अवलंबून असते.

कोणते आसन कुणाला जड जाते, हेही पुष्कळसे ज्ञात आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २००६ मध्ये ७५ योगाभ्यासींची तपासणी प्रसिद्ध केली. शीर्षासनात डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो असे त्यांना आढळले. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन का टाळावे, याचे उत्तर त्यात आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये पाठीचा कणा गोलाकार करून पुढे वाकण्याच्या आसनांनंतर मणक्यांना चीर पडल्याची प्रकरणे अमेरिकेतील मायो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. फार वेळ वज्रासनसदृश स्थितीत बसल्याने गुडघ्याजवळची नस दबून पाऊल लुळे पडल्याची नोंद तर एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९७१ सालीच झाली होती. मान्यवरांची भाषणे संपेपर्यंत मुलांना वज्रासनात बसवून ठेवण्याची हौस असलेल्या संयोजकांनी ही शेवटची नोंद विशेष ध्यानात ठेवावी.

पुस्तिकेतले मैदानात पोहोचत नाही

सरकारला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी ४५ मिनिटांचा सामायिक योग अभ्यासक्रम तयार केला आहे. त्यात शीर्षासन नाही. प्रारंभी मान, खांदे, कंबर आणि गुडघे मोकळे करण्याच्या हालचाली आहेत. अभ्यास रिकाम्या किंवा हलक्या पोटी करावा, घाई करू नये, दुखणे असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा, असे सामान्य नियम आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आसनांच्या वर्णनानंतर ते कुणी टाळावे याचा इशारा दिलेला आहे. पादहस्तासन हृदयविकार, चकतीचा त्रास, हर्निया, भोवळ असलेल्यांनी आणि गर्भवतींनी करू नये. कपालभाती उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया असलेल्यांनी टाळावी, अशा स्वरूपाच्या त्या सूचना आहेत.

म्हणजे कागदावर काळजी घेतलेली आहे. ती हरवते पुस्तिका आणि मैदान यांच्या मधल्या अंतरात. ध्वनिक्षेपकावरून आसनाचे नाव येते, कृती येते, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हेही येते. ‘हे कुणी करू नये’ ही ओळ वाचायला वेळ नसतो. आणि वाचली तरी रांगेत उभा असलेला आठवीतला मुलगा चारशे डोळ्यांसमोर खाली बसेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सामूहिक सूर्यनमस्कारातील सहभाग ऐच्छिक आहे, असे सांगितले जाते. परंतु शाळेच्या मैदानावर ऐच्छिक या शब्दाला किती अर्थ उरतो, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इशारा कार्यक्रमाच्या वेळी देऊन भागत नाही. तो आधी द्यावा लागतो, आणि वेगळे बसण्यात कमीपणा नाही अशी व्यवस्था करावी लागते.

येथील शरीरांची गोष्ट

पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गोंड आणि अन्य आदिवासी समाजांची मुले या भागातील शाळांत आणि वसतिगृहांत मोठ्या प्रमाणावर शिकतात. मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे झाला. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. असा झटका कशामुळे येऊ शकतो? थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, दमछाक आणि प्राणवायूची कमतरता.

आता १२ जानेवारीची सातपुड्याच्या पायथ्याची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. कडाक्याची थंडी, अंगात पातळ गणवेश, उपाशी पोट, पाणी प्यायलेले नाही, आणि लागोपाठ सूर्यनमस्कार. झटक्याला निमंत्रण देणाऱ्या जवळपास सर्व गोष्टी एका ठिकाणी आल्या. या मुलांनी व्यायाम करूच नये असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. उलट बेताचा, उबदार वातावरणातला, मधे थांबून पाणी पीत केलेला व्यायाम त्यांना मानवतो. त्यांना सोसत नाही ती स्पर्धा आणि आवर्तनांची सक्ती. राष्ट्रीय मोहिमेत तपासणी झालेल्यांना सिकल सेल स्थितीचे कार्ड दिले जाते. ही माहिती शाळेच्या आरोग्य नोंदीत असेल आणि १२ जानेवारीपूर्वी वर्गशिक्षकाने ती एकदा पाहिली, तर केवढा अनर्थ टळू शकतो.

दुसरे शरीर आहे ते कष्टकऱ्याचे. हा संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. संत्र्याची पेटी उचलणाऱ्याच्या कण्यावर भार सतत पुढून येतो. सौसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत एकाच जागी उभे राहून पाळी भरणारे कामगार आहेत. ज्यांचे आयुष्यच पुढे वाकण्यात गेले, त्यांना २१ जूनला अचानक पाय न दुमडता बोटांनी जमीन गाठायला सांगणे, हा योग नव्हे. त्यांच्यासाठी मकरासनातली विश्रांती, भुजंगासनाचा सौम्य प्रकार, भिंतीला टेकून घेतलेला ताण आणि शवासन अधिक मोलाचे. शहरी शरीर खुर्चीने आखडते, ग्रामीण शरीर श्रमाने थकते. दोहोंना एकच आसनक्रम लावला की एकाला तो औषध ठरतो आणि दुसऱ्याला अपाय.

तिसरे शरीर वृद्धेचे. गावातल्या योग शिबिरात पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक असतात, त्यांत आज्या-मावश्याही असतात. पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. पण हाडांची घनता मोजण्याची सोय गावात नसते. अशा वेळी सर्वांत सोपा नियम हाच की साठीपुढील व्यक्तीने कणा गोल करून जोराने पुढे वाकू नये, मानेवर भार घेऊ नये आणि तोल सांभाळण्याच्या आसनात खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घ्यावा.

मराठी मुलखाने आधीच दिलेले उत्तर

सूर्यनमस्कार शाळेच्या मैदानावर आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, ते औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार लागू केले. पण तो वर्षातून एकदा साजरा करण्याचा सोहळा नव्हता. ती रोजची सवय होती, संख्या हळूहळू वाढवत नेण्याची. एका दिवसाच्या उत्सवात हे ‘हळूहळू’ नेमके हरवते. वर्षभर कमरेत न वाकलेले मूल एका सकाळी बारा स्थितींची आवर्तने करते, आणि त्याचे मनगट, खांदा, मांडीमागचा स्नायू त्याची किंमत मोजतात.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हा योगक्रिया चालू असताना शरीराच्या आत काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापनाने तपासण्याचा मार्ग त्यांनी घालून दिला. योगावर श्रद्धा असलेल्या माणसानेच त्याची परीक्षा घ्यावी, ही त्यांची भूमिका होती. पुण्यात १९३७ मध्ये आलेले बी. के. एस. अय्यंगार पुढे विटा, पट्टे, दोर, घोंगड्या आणि खुर्च्या यांचा आधार घेऊन आजारी, वृद्ध आणि ताठ शरीरांनाही आसने शिकवू लागले. आसनाने माणसाच्या मापात यावे, माणसाला आसनाच्या साच्यात कोंबू नये, हे तत्त्व त्यांच्या साधनांतून दिसते. पांढुर्णा-सौसरपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर नागपुरात रामनगरचे जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ आणि अमरावतीत १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९५६ पर्यंत हा सारा भाग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राजधानीच नागपूर होती. राज्याची सीमा आड आली म्हणून ज्ञानाची वाट अडण्याचे कारण नाही.

जुन्या ग्रंथांकडे वळले तरी तेथे घाईचा पुरस्कार नाही. पतंजलीने आसनाची लक्षणे सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टींना स्थान दिले. हठयोगप्रदीपिकेने प्राणायामाची तुलना वन्य पशू माणसाळवण्याशी केली आहे आणि घाई केल्यास तो साधकावरच उलटेल असे बजावले आहे. तेव्हा सावधगिरी हे आधुनिकांचे खुसपट नसून परंपरेचाच गाभा आहे.

सूचना कोणत्या भाषेत?

पांढुर्णा-सौसरमध्ये घराची भाषा मराठी आहे, शाळेची आणि कार्यालयाची मुख्यतः हिंदी. भोपाळहून येणारी सूचना हिंदीत असते. ती कळत नाही असे नाही. मुले आणि मोठी माणसेही दोन्ही भाषा सहज वापरतात. पण दुखणे सांगायची भाषा मातृभाषा असते. कमरेत चमक भरली, पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडते, हे माणूस पहिल्यांदा आपल्याच बोलीत बोलतो. योगशिक्षकाला हे शब्द कळले पाहिजेत आणि त्यांतला कोणता शब्द ऐकताच अभ्यास थांबवायचा हेही कळले पाहिजे. स्नायूला बसणारा ताण आणि सांध्यात उठणारी टोचणारी कळ यांतला फरक साधकाला समजावून सांगणे, हाच सुरक्षिततेचा पहिला धडा आहे. पहिल्याला थोडा वेळ द्यावा. दुसरी उठली की आसन सोडावे.

शिकवणाराचा प्रश्न आपलाही

आपल्या देशात योग शिकवण्यासाठी परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आहेत, पातळ्या आहेत, पण त्या देणे बंधनकारक नाही. शाळांत हे काम बहुधा क्रीडा शिक्षकावर किंवा ज्याला हौस आहे त्या शिक्षकावर येऊन पडते.

या बाबतीत गोव्याने पांढुर्ण्याकडे वरून पाहण्याचे कारण नाही. हरमल, मांद्रे, आगोंद, पाळोळे या किनाऱ्यांवर दोनशे तासांचा अभ्यासक्रम पुरा करून ‘शिक्षक’ होऊन जाणाऱ्यांची कमतरता नाही. तिथे पाहुणा पैसे मोजतो, आपल्या दुखण्याबद्दल प्रश्न विचारतो आणि न पटल्यास उठून जातो. सरकारी शाळेतल्या मुलाला यांतले काहीच शक्य नसते. म्हणूनच त्याच्या बाबतीत जबाबदारी अधिक.

करता येण्याजोगे

जिल्हा नवा आणि लहान आहे. त्यामुळे नवी पद्धत पाडणे अवघड नाही. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी मराठी आणि हिंदीत एक साधा कागद घरी जावा. मुलाला दमा, अपस्मार, हृदयविकार, सिकल सेल, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाड मोडल्याचा इतिहास आहे का, एवढेच त्यात विचारावे. उत्तर ‘होय’ असेल त्याला घरी न बसवता बैठ्या श्वसनाच्या आणि सौम्य हालचालींच्या गटात घ्यावे. त्या गटाला मैदानात सन्मानाची जागा द्यावी. सराव त्याच पंधरवड्यात रोज दहा मिनिटे सुरू व्हावा. जानेवारीत ऊन अंगावर आल्यावरच आणि स्वेटर घालूनच प्रारंभ व्हावा, पिण्याचे पाणी जवळ असावे. ‘थांबावेसे वाटले तर थांबा’ हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक आसनापूर्वी म्हणावे. कुणी किती आवर्तने केली याची बक्षिसे बंद करावीत. आरोग्य कर्मचारी हजर असावा आणि कार्यक्रमानंतर कुणाला काय त्रास झाला याची एका ओळीची नोंद प्रत्येक शाळेने ठेवावी.

यांतल्या कशालाही नवा निधी लागत नाही. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. कारण नोंद ठेवायची म्हणजे योगातही दुखापत होते हे मान्य करायचे, आणि सोहळ्याच्या वातावरणात ते कुणाला रुचत नाही. पण ज्या जिल्ह्यात दगडाने जखमी झालेल्यांची मोजदाद दरवर्षी होते, तेथे कमरेत चमक भरलेल्या मुलाची नोंद एका वहीत करणे अशक्य नसावे. दोन-तीन वर्षांत त्या वहीतूनच कळेल की कोणते आसन कुठल्या वयाला सोसत नाही आणि कोणत्या शाळेत शिक्षकाला प्रशिक्षणाची गरज आहे. किती जण आले हा आकडा संयोजकांसाठी असतो. किती जण धडधाकट घरी गेले हा आकडा आई-बापांसाठी. यापुढे १२ जानेवारीच्या बातमीत हा दुसरा आकडाही असावा.